हेडलाइटमधलं पाणी वाळवण्याआधी त्याची वाट शोधा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक. गेल्या दिवाळीत दोन्ही हेडलाइटमधले मूळचे बल्ब काढून एलईडी बल्ब टाकले. या पावसाळ्यात उजव्या हेडलाइटची काच आतून वाफ धरायला लागली, आणि गाडी धुवून आणली की खालच्या कोपऱ्यात चक्क पाणी दिसतं. डावी बाजू कोरडी आहे. चार दिवस गाडी उन्हात उभी केली, वाळलं, पाऊस आला की पुन्हा तेच. एका गॅरेजवाल्यांनी खालून बारीक होल मारायला सांगितलं, दुसऱ्यांनी कडेनं सिलिकॉन फिरवायला, तिसऱ्यांनी सरळ नवीन हेडलाइट घ्यायला. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी लातूरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, २२ वर्षं झाली. माझं उत्तर आधी सांगतो आणि मग कारण सांगतो: तिन्हीतलं काहीच आत्ता करू नका. बॉनेट उघडा आणि उजव्या हेडलाइटच्या मागचं रबर कव्हर, ज्याला आम्ही बूट म्हणतो, ते हाताने चाचपून बघा. एलईडी टाकल्यावर पाणी सुरू झालं आणि तेही एकाच बाजूला, म्हणजे पहिला संशय तिथंच जातो.

आता कारण. बहुतेकांना वाटतं की हेडलाइट डब्यासारखा हवाबंद असतो आणि कुठंतरी फुटला म्हणून आत ओल गेली. तसं नसतं. हेडलाइट श्वास घेतो, आणि त्याला श्वास घेता यावा म्हणून कंपनीनंच मागच्या बाजूला एक-दोन भोकं ठेवलेली असतात. साधा हिशोब बघा. समजा हेडलाइटमध्ये पाच लिटर हवा आहे आणि ती २७ अंशांवर आहे. लाइट लावली, इंजिनाची धग लागली आणि आतली हवा ५७ अंशांवर गेली, तर ती साधारण दहा टक्क्यांनी फुगते. म्हणजे अर्धा लिटर हवा बाहेर पडलीच पाहिजे. नाही पडली तर काच आणि बॉडी जिथं चिकटवलेली असते त्या जोडावर दाब येतो. मग तुम्ही गाडी बंद करता, वरून पावसाची सर येते, किंवा वॉशिंग सेंटरवाला गार पाण्याचा प्रेशर मारतो. हवा आकसते आणि तेवढीच हवा बाहेरून आत ओढली जाते. ती नेहमीच्या भोकातून आली तर नुसती हवा येते. पण भोक बुजलेलं असेल, किंवा दुसरीकडं कुठं फट असेल आणि त्या फटीवर पाणी उभं असेल, तर हवेच्या जागी पाणी ओढलं जातं. हेडलाइटमध्ये पाणी शिरण्यापेक्षा ते शोषलं जातं हेच जास्त वेळा होतं, आणि म्हणूनच केसाएवढ्या फटीतूनही चमचाभर पाणी आत दिसतं.

याच हिशोबाचा दुसरा उपयोग म्हणजे वाफ आणि गळती यातला फरक ओळखणं. ३० अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच मावतं. म्हणजे आपल्या पाच लिटर हवेत सगळं मिळून ०.१५ ग्रॅम पाणी, फार तर तीन थेंब. रात्री गारवा पडल्यावर त्यातला एखादा थेंबच काचेवर येणार, तोही बारीक दवाच्या रूपात पसरून. म्हणून सकाळी काच आतून धुरकट दिसली, लाइट लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर ती साफ झाली आणि मागं डाग राहिला नाही, तर ती हवेतली ओल आहे. गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही पाऊस किंवा धुण्यानंतर येणारी अशी वाफ नैसर्गिक म्हणूनच सांगितलेली असते. त्या गाडीला हात लावू नका. परभणीकडची डिसेंबरातली थंडी किती कडक असते ते सगळ्यांना माहीत आहे. तिकडच्या गाड्यांत थंडीत ही वाफ येतेच, आणि ऊन वर आलं की जाते. पण काचेवरून ओघळ येतोय, तळाशी पाणी हलतंय, गाडीनं ब्रेक लावल्यावर ते पुढं सरकतंय, तर एवढं पाणी हवेतून आलेलं नाही. ते पाणी म्हणूनच आत गेलंय. तुमचं तसंच आहे.

बुटाकडं येऊ. जुन्या पद्धतीच्या एच-४ बल्बला मागून एक काळं रबर असतं. बल्बचे तीन पाय त्याच्या मधल्या भोकातून बाहेर येतात आणि त्यांवर कपलर, म्हणजे वायरींचा जोड, बसतो. रबराची बाहेरची कड हेडलाइटच्या बॉडीवरच्या गोल कडेवर घट्ट चढलेली असावी लागते. बऱ्याच बुटांवर वरची बाजू कळावी म्हणून ‘टॉप’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. ती वरच यायला हवीत, कारण काही बुटांना हवेसाठी खालच्या बाजूला वाट दिलेली असते आणि उलटं बसवलं की तीच वाट पाणी झेलते. एलईडी बल्बची मागची बाजू जाड असते, तिच्यात पंखा किंवा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग, असतो. बसवणारा घाईत असेल तर तो मधलं भोक ब्लेडनं मोठं करतो, किंवा बूट अर्धवट चढवून सोडतो. उजव्या बाजूला वायरिंग आणि पाण्याची टाकी आड येत असेल तर हात पोचत नाही, आणि बूट एका कोपऱ्यात दुमडलेला राहतो. डोळ्यांना तो बसलेला दिसतो. बोट आतून सगळीकडं फिरवल्यावरच कळतं की तळाशी दोन बोटं रबर कडेवरून सुटलंय.

माझ्याकडं मे महिन्यात अशी एक गाडी आली होती. मालक मोंढ्यात आडत करणारे, गाडी रोज सकाळी घरी धुतात. काच, जोड, सगळं शाबूत. बूट काढून हातात घेतला तर त्याच्या कडेला नखभर चीर, आणि चिरेच्या खाली बॉडीवर पाणी वाहून गेल्याची मातकट रेघ. ती रेघ बघायला शिका. पाणी वाळतं, पण काळ्या मातीची रेघ मागं राहते आणि पाणी कुठून आत गेलं ते दाखवून देते. बूट बदलला, बल्ब पुन्हा नीट बसवला. त्या पावसाळ्यात ती गाडी त्या कामासाठी परत आली नाही.

एलईडीबद्दल आणखी एक गोष्ट. तो बसवल्यावर हेडलाइटमधली ओल वाळण्याचा वेगच बदलतो. एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा, आणि त्यातल्या बहुतेक विजेची उष्णताच होते. ती उष्णता प्रकाशाबरोबर पुढं काचेकडं जाते, काच कोमट होते आणि वाफ उडून जाते. एलईडी बल्ब आपली उष्णता मागं हीटसिंककडं सोडतो, त्यामुळं पुढची काच गारच राहते. म्हणून पूर्वी जी थोडी ओल रोज आपोआप वाळत होती ती आता साचून राहते. तुमच्या डाव्या हेडलाइटलाही उद्या थोडी वाफ आली तर घाबरू नका, तिथं गळती असेलच असं नाही. मात्र माझं मत विचाराल तर हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे बल्बभोवतीच्या आरशासारख्या भागात, एलईडी बल्ब मला पटत नाही. उजेड डोळ्यांना पांढरा दिसतो, पण फोकस विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षा चांगला ६०/५५ चा हॅलोजन आणि स्वच्छ रिफ्लेक्टर बरा. आणि १००/९० वॉटचा बल्ब तर कुणीही सांगितला तरी टाकू नका. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळून पिवळा पडतो आणि वायरिंग तापतं.

बूट ठीक निघाला तर पुढची जागा हवेच्या भोकांची. हेडलाइटच्या पाठीमागं वर किंवा खाली इंग्रजी एल आकाराची रबरी नळी दिसेल, नाहीतर छोटी टोपी, आणि नव्या गाड्यांत रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी किंवा करडी पातळ झिल्ली चिकटवलेली असते. त्या झिल्लीतून हवा आणि वाफ जाते, पाणी जात नाही. नळीचं तोंड खाली असायला हवं. काम करताना कुणीतरी ती फिरवून वर केलेली मी कितीदा तरी पाहिलीय. आपल्याकडं या नळ्या बुजायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरात रस्त्याकडेला सोयाबीनच्या राशी होतात, मळणीचं भुसकट उडतं, काळ्या मातीची धूळ तर बारा महिने आहेच. आणि कुंभारीण माशी. गाडी आठ-दहा दिवस शेडमध्ये उभी राहिली की ती या नळीत मातीचं घर करते. एकदा औशाच्या गाडीच्या नळीतून मी सुईनं माती काढली. करंगळीएवढी भाजल्यासारखी घट्ट वडी निघाली, आणि तिच्यात वाळलेल्या अळ्या. त्या हेडलाइटला हवा घ्यायला ती एकच वाट होती. ती बंद झाल्यावर त्यानं काचेच्या जोडातून हवा घ्यायला सुरुवात केली आणि जोड उकलला. नळी काढून कोमट पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, आत फोमचा तुकडा असेल तर तो परत घाला. झिल्लीला मात्र सुई लावू नका, फाटते. मऊ ब्रशनं वरची धूळ झाडा.

आता कळलं असेल की होल मारायला मी का नको म्हणतो. होल मारल्यावर पाणी निघून जातं हे खरं, म्हणून तो उपाय लोकांना खूप पटतो. पण त्याच होलातून धूळ आत जाते, चिलटं, मुंग्या जातात, आणि पुढच्या चाकानं उडवलेलं पाणीही जातं. वर्षभरात रिफ्लेक्टरवर धुळीचा थर बसतो. पाणी वाळवता येतं, पण रिफ्लेक्टरवरची धूळ पुसता येत नाही. का पुसता येत नाही ते पुढं सांगतो.

बूट आणि नळी दोन्ही ठीक असतील तर राहतो तो जोड, किंवा काचेला गेलेला तडा. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, आणि ते मागच्या बॉडीच्या खाचेत बुटाईल नावाच्या काळ्या चिकट रबरी लगद्यावर बसवलेलं असतं. गाडीला कधी समोरून धक्का लागला असेल, बंपर रंगवला असेल, कुणी प्रोजेक्टर, म्हणजे भिंगाचा लाइट, बसवायला हेडलाइट उघडला असेल, तर जोडावर संशय घ्या. फट शोधायची माझी पद्धत साधी आहे. हेडलाइट गाडीतून काढतो. बल्ब आणि बूट जागेवर, हवेच्या नळ्यांची तोंडं टेपनं बंद, फक्त एक नळी मोकळी. जोडावर सगळीकडून साबणाचं पाणी ब्रशनं लावतो आणि मोकळ्या नळीला पाइप लावून तोंडानं हलकेच फुंकतो. जिथं फट असेल तिथं बुडबुडे येतात, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघावं तसेच. तोंडाच्या फुंकीपेक्षा जास्त दाब देऊ नका. कॉम्प्रेसर लावला तर चांगला जोडही उकलतो. जागा सापडली की तिथं मार्करनं खूण करायची. हेडलाइट बादलीत बुडवून बघणारेही आहेत, पण त्यात आणखी पाणी आत जातं, म्हणून मी ते करत नाही.

हेडलाइट काढायच्या आधी एक काम विसरू नका. गाडी भिंतीसमोर सपाट जागी उभी करा, डिपर, म्हणजे खाली पडणारा उजेड, लावा आणि त्या उजेडाची वरची कड खडूनं भिंतीवर आखून घ्या. चाकं कुठं होती तिथंही खूण करा. परत बसवल्यावर गाडी त्याच जागी आणून उजेड त्याच रेघेवर आणायचा. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट काढायला बंपर सैल करावा लागतो. क्लिपा जुन्या असतील तर तुटतात, तेव्हा चार नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा.

वाळवणं. हे काम लोक सगळ्यात जास्त चुकवतात, म्हणून इथं जरा थांबतो.

आपल्या भागात पाऊस थांबून ऊन पडलं की दुपारची हवा कोरडी असते, तिचा फायदा घ्या. सकाळी ११ च्या पुढं बूट किंवा मागचं झाकण उघडा, भोकावर मच्छरदाणीचं कापड रबरबँडनं लावा म्हणजे किडा जाणार नाही, आणि हेडलाइटची काच उन्हाकडं येईल अशी गाडी उभी करा. हेडलाइट काढलेला असेल तर भोक वर आणि काच खाली ठेवू नका. पाणी काचेवर साचतं आणि वाळल्यावर क्षाराचा डाग राहतो. भोक खाली करून आधी पाणी निथळू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण दुपारी तीन-चारलाच, हवा गरम आणि कोरडी असताना लावा. लोक दिवसभर उघडं ठेवतात, संध्याकाळी घरी आल्यावर सावकाश बंद करतात आणि संध्याकाळची दमट हवा आत कोंडून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ दिसते, मग त्यांना वाटतं की अजून गळतंय. तुम्ही चार दिवस उन्हात उभी केली तेव्हा मागचं झाकण बंदच होतं ना? बंद ठेवून उन्हात उभी केल्यानं पाणी आतल्या आत फिरतं. दिवसा वाफ होतं, रात्री पुन्हा काचेवर येतं.

झड लागलेली असेल आणि ऊनच नसेल तर घरातला हेअर ड्रायर चालतो. मध्यम गरमीवर, भोकापासून वीतभर लांब, हात हलवत ठेवायचा, पाच मिनिटं लावून पाच मिनिटं थांबायचं. हीट गन लावू नका. तिच्या तोंडाशी ३०० अंशांच्या वर हवा येते आणि हे प्लास्टिक १४५ अंशांच्या आसपास मऊ पडतं. काच एका जागी लाटेसारखी झाली की फोकस कायमचा जातो. गाडीत हॅलोजन बल्ब असेल तर इंजिन चालू ठेवून, मोकळ्या जागेत, अर्धा तास डिपर लावला तरी वाफ जाते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जिवावर बेततो. इंजिन बंद ठेवून लाइट लावली तर दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या वर घेतात आणि जुनी बॅटरी बसते.

पंक्चरवाल्याकडं जाऊन हवा मारून घेऊ नका. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, त्यात तेलाचा अंशही असतो. खात्री करायची असेल तर त्याला टाकीचा खालचा कॉक उघडायला सांगा, तपकिरी पाणी तुमच्यासमोर निघेल. तेच फवारून रिफ्लेक्टरवर बसतं.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण त्यांचं काम फट बंद केल्यावर उरलेली ओल ओढून घेण्याचं आहे. फट असताना पुडी टाकली तर ती दोन दिवसांत भरते आणि मग नुसतीच पडून राहते. बल्बपासून लांब ठेवा, चालू हॅलोजनची काच २५० अंशांच्या वर तापते. मी पुडीला दोरा बांधून दुसरं टोक झाकणाबाहेर ठेवतो, गाडी रात्रभर उभी असतानाच ती आत सोडतो आणि सकाळी काढून घेतो. रंगीत दाणे असतील तर ओल धरल्यावर रंग बदलतो, निळे गुलाबी होतात. तापवून ते पुन्हा कोरडे करता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाच्या तव्यावर किंवा कढईत ते भाजू नका.

आता रिफ्लेक्टर. एकदा रेणापूरहून एक गुरुजी आले. गाडी त्यांनी जिवापाड जपलेली. आत डाग दिसला म्हणून त्यांनी विणकामाच्या सुईला धोतराचं मऊ कापड गुंडाळलं आणि बल्बच्या भोकातून हळूच पुसलं. मी बल्ब काढून टॉर्च लावून पाहिलं. जिथं जिथं कापड फिरलं तिथं आरसा गेलेला आणि खालचं करडं प्लास्टिक उघडं पडलेलं. रिफ्लेक्टरवरची चकाकी म्हणजे निर्वात पोकळीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. तो पुसायचा नसतो. कापसानं नाही, ब्रशनं नाही, मायक्रोफायबरनंही नाही. डाग राहिला तर राहू द्या, एका डागानं उजेड फारसा कमी होत नाही, पुसल्यानं होतो. गुरुजी म्हणाले, “उस्ताद, मी तर हलक्या हातानं पुसलं हो.” त्यांच्या हाताची काहीच चूक नव्हती, कुणी त्यांना आधी सांगितलं नव्हतं एवढंच. म्हणून मी हे प्रत्येकाला सांगतो.

त्याच कारणासाठी आत पेट्रोल, थिनर, ॲसिटोन काही घालू नका. पॉलिकार्बोनेटला ते लागलं की काचेत जाळीदार तडे जातात. आत चिखलाचं पाणी गेलं असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घालून खळबळून ओतायचं, दोन-तीन वेळा, आणि निथळू द्यायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते तुमच्या घरातल्या बादलीवरच दिसत असेल. टूथपेस्टचा उपाय लोक सांगतात तो काचेच्या बाहेरच्या पिवळेपणासाठी आहे, आतल्या ओलीशी त्याचा संबंध नाही. नवा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

सिलिकॉनचं सांगतो. बाजारात जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. ती वाफ हेडलाइटमध्ये कोंडली की रिफ्लेक्टर धुरकट पडतो. फेविक्विकसारख्या झटपट गोंदानं तर काच आतून पांढुरकी होते. शिवाय जुन्या धुळीवर, ओलीवर बोटानं फिरवलेलं सिलिकॉन चिकटतच नाही, महिन्याभरात सालीसारखं निघतं. तोवर पाणी आत कोंडून ठेवायचं काम मात्र ते नीट करतं. काचेला बारीक तडा असेल आणि तात्पुरतं थांबवायचंच असेल तर बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन घ्या, आतून पूर्ण वाळवून, बाहेरची जागा साबणानं धुवून कोरडी करून लावा, आणि २४ तास गाडी पाण्यात नेऊ नका.

जोड खरोखर उकलला असेल तर बुटाईल नवीन भरणं हाच पक्का उपाय आहे. बल्ब, बूट, उजेड वर-खाली करणारी लेव्हलची मोटर सगळं काढून हेडलाइट मोठ्या ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवतात. लगदा मऊ झाला की क्लिपा सोडवून काच हळूहळू वेगळी करतात. खाचेतला जुना माल काढायचा, नवी बुटाईलची दोरी सलग एकाच तुकड्यात भरायची, जोड तळाशी येऊ द्यायचा नाही, पुन्हा गरम करून काच दाबून क्लॅम्प लावायचे. हे काम घरी करू नका असं मी सांगेन. ज्याच्याकडं ओव्हन आहे आणि ज्यानं हे आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या, आणि आधी त्यानं केलेला एखादा हेडलाइट हातात घेऊन बघा. काही हेडलाइटमध्ये बुटाईलच्या जागी कडक होणारा गोंद असतो. ते गरम करूनही उघडत नाहीत, ओढाताण केली तर काच फुटते. तिथं नवीन हेडलाइट घेण्यावाचून इलाज नाही.

ज्यांच्या गाडीत कंपनीचाच एलईडी हेडलाइट आहे त्यांनी यातलं काहीही स्वतः उघडू नये. आत सर्किट असतं, किंमत मोठी असते. वॉरंटी चालू असेल तर थेंब दिसतायत असे फोटो, तारखेसह, सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा काढा आणि शोरूमला लेखी तक्रार द्या. नुसती वाफ असेल तर ते नैसर्गिक म्हणून परत पाठवतील, पण थेंब आणि तळाशी साचलेलं पाणी ही गळती आहे, त्यावर तुम्ही ठाम राहू शकता.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा, गोदावरीच्या काठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा बॉनेटपर्यंत बुडालेल्या गाड्या कामाला आल्या. अशा गाडीत लाइटचं बटण दाबूनसुद्धा बघू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कपलर सोडवा, पितळी पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, तळाला लेव्हलची मोटर असेल तर ती वेगळी वाळवा. गाळ आत राहिला तर वाळून दगडासारखा होतो, म्हणून अशा हेडलाइटला पहिल्याच दिवशी धुवावं लागतं.

या सगळ्याला मी एवढं महत्त्व का देतो ते तुमच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. थेंब धरलेली काच उजेड पसरवते, समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. आणि नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की अंबाजोगाई रोडला रात्री उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या लागतात, कितीतरी गाड्यांना मागं रिफ्लेक्टरची पट्टी नसते. ती ट्रॉली तुम्हाला पन्नास फुटांवर दिसते की दोनशे फुटांवर, हे त्या काचेवर ठरतं.

तेव्हा तुमच्या गाडीपुरतं सांगतो. येत्या उघडीपीच्या दिवशी दुपारी उजवा बूट काढा. चीर, कापलेलं भोक, दुमडलेली कड, मातीची रेघ बघा. बूट कापलेला असेल तर नवीन घ्या, हा सुटा मिळतो, त्यासाठी हेडलाइट बदलायची गरज नाही. मूळचे हॅलोजन बल्ब तुमच्याकडं असतील तर दोन्ही बाजूंना तेच परत बसवा. नळी साफ करा, आत साचलेलं पाणी निथळून वाळवा, तीन-चारच्या सुमारास बंद करा. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना साध्या नळीनं, प्रेशर न लावता, हेडलाइटवर आणि बॉनेटच्या फटीवर पाच मिनिटं पाणी सोडा. मग अर्धा तास लाइट लावा आणि पुन्हा पाणी सोडा, म्हणजे तापून आकसताना ओढतं का ते कळेल. पुढच्या तीन सकाळी उठल्याउठल्या खालचा कोपरा टॉर्चनं बघा. कोरडा राहिला तर काम झालं. थेंब आला तर गाडी न धुता, आहे तशी घेऊन या, मातीची रेघ शाबूत असली की फट शोधायला सोपं जातं. आणि वॉशिंग सेंटरवर गेलात तर गाडी आधी वीस मिनिटं गार होऊ द्या, आणि प्रेशरची नळी हेडलाइटच्या कडेवर रोखू नका असं तिथल्या पोराला सांगा.